मिक्सरवर वाजवलेला अल्बम : ‘नो प्रोटेक्शन’

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाचा ‘प्रोटेक्शन’ हा अल्बम १९९४ मध्ये आला, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यातल्याच ध्वनिमुद्रणांवरून लंडनच्या मॅड प्रोफेसर यांनी नव्याने घडवलेला ‘नो प्रोटेक्शन’ बाजारात आला. मूळ अल्बममध्ये दहा गाणी होती. मॅड प्रोफेसर यांनी त्यांतली आठ घेतली, त्यांना नवी नावे दिली, क्रम थोडा हलवला आणि गायलेल्या शब्दांचा बहुतेक भाग काढून टाकला. यातून जे तयार झाले त्याला डब म्हणतात. संथ इलेक्ट्रॉनिक संगीताची गोडी लागलेल्या कोणालाही मी आजही सर्वांत आधी हाच अल्बम ऐकायला सांगतो, आणि मराठवाड्यातल्या श्रोत्याला तर आवर्जून सांगतो. कारण ज्या साधनांवर हे संगीत उभे आहे, ती साधने आपल्याकडच्या प्रत्येक मंडपात वर्षानुवर्षे वापरात आहेत.

डब ही जमैकाची निर्मिती आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये तबकडीच्या मागच्या बाजूवर त्याच गाण्याचे, गायकाचा आवाज वगळलेले रूप छापण्याची पद्धत पडली, म्हणजे रस्त्यावरच्या साउंड सिस्टीमवर (मोठ्या पेट्या लावून तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या संचावर) माइक धरून उभ्या असलेल्या माणसाला त्या तालावर बोलायला मोकळी जागा मिळे. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेले ऑस्बर्न रडॉक हे मूळचे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ होते. वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरीच त्यांनी एक छोटा स्टुडिओ थाटला आणि १९७० च्या दशकात या आवाज वगळण्याच्या साध्या सोयीला स्वतंत्र कलेचे रूप दिले. ढोल, बेस, गिटार आणि गळा हे निरनिराळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेले असतात; टबी मिक्सरपुढे, म्हणजे हे ट्रॅक एकत्र करणाऱ्या यंत्रापुढे, बसून ते सारे चालू ठेवत, मग एकेक फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढत, गिटारचा एखादाच ठोका इकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, सोडत, बाकी सगळे बंद करून नुसता बेस चालू देत आणि श्रोता त्या रिकाम्या जागेत स्थिरावतो न स्थिरावतो तोच ढोल परत आणत. हे सर्व एका बैठकीत, फीत फिरत असताना, हाताने होत असे. म्हणजे मिक्सर हेच वाद्य आणि तो चालवणारा हाच वादक.

मॅड प्रोफेसर यांचे खरे नाव नील फ्रेझर. त्यांचा जन्म १९५५ साली गयानामध्ये झाला, किशोरवयात ते लंडनला आले, आणि १९७९ मध्ये त्यांनी राहत्या घरातच ‘अरिवा’ हा स्टुडिओ सुरू केला. लहानपणापासून विजेची उपकरणे उघडून पाहण्याच्या नादामुळे त्यांना ‘मॅड प्रोफेसर’ हे नाव पडले. टबी यांच्या आणि त्यांच्या घडणीतले हे साम्य मला फार महत्त्वाचे वाटते. संगीत विद्यालयाच्या वाटेने न येता हे दोघेही सोल्डरिंगच्या वाटेने संगीतात आले, आणि यंत्राच्या पोटात काय चालते हे ठाऊक असल्यामुळेच त्या यंत्राकडून त्याच्या बनवणाऱ्याच्या मनातही नसलेले काम करून घेण्याची हिंमत त्यांच्यात आली.

मॅसिव्ह अटॅकविषयी थोडक्यात सांगायचे तर रॉबर्ट डेल नाजा, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हॉवल्स हे त्रिकूट ‘वाइल्ड बंच’ या ब्रिस्टलच्या साउंड सिस्टीममधून पुढे आले. ब्रिस्टलमध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे रेगे या जमैकाच्या संगीताचा बेस त्यांच्या कानावर लहानपणापासून होता; त्यात अमेरिकेच्या हिप-हॉपचा ठोका मिसळला आणि वेग मुद्दाम कमी ठेवला गेला. या संथ, बैठ्या लयीच्या संगीताला पुढे डाउनटेम्पो हे सैल नाव मिळाले. ‘प्रोटेक्शन’ हा या वळणाचा फार देखणा अल्बम आहे, पण तो नीटनेटका आहे. त्यात प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवलेली आहे. मॅड प्रोफेसर यांनी त्या सजवलेल्या खोलीतले सामान बाहेर काढले, आणि तेव्हा कुठे ती खोली किती मोठी होती हे लक्षात आले.

अल्बमचा आरंभ ‘रेडिएशन रूलिंग द नेशन’ने होतो. ‘प्रोटेक्शन’ हे मूळ गाणे ट्रेसी थॉर्न यांनी अत्यंत संयत आवाजात गायलेले आहे, आणि ते गाणे आधी ऐकलेला श्रोता साहजिकच त्या आवाजाची वाट पाहतो. आवाज येतो, पण तुकड्यांनी. एखादा शब्द पुढे येतो, इकोच्या लाटेवर दूर जातो, आणि त्याच्या मागचा शब्द येतच नाही. आठ मिनिटांहून अधिक काळ चालणाऱ्या या रचनेत बेसची ओळ फारशी बदलत नाही, आणि तरीही ती प्रत्येक फेरीत वेगळी ऐकू येते, कारण तिच्या भोवतीचे काही ना काही निघून गेलेले असते. गिटारचा ओला, ‘वा-वा’ करणारा स्वर एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला विरतो, झांजेचा एकच ठोका सुटून अनेक ठोक्यांचा होतो आणि मग ढोल अचानक थांबतो. पहिल्यांदा ऐकताना हा थांबा बिघाड वाटू शकतो. दुसऱ्यांदा ऐकताना आपण त्याचीच वाट पाहू लागतो.

इथे इकोविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या अल्बमचा जीव त्यात आहे. मराठवाड्यात ज्याने गावचा अखंड हरिनाम सप्ताह अनुभवला आहे, त्याला इको म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. कीर्तनकार महाराज निरूपण करत असतात तोवर जाणता साउंडवाला इको अगदी खाली ठेवतो, कारण शब्दावर शब्द चढला की मंडपाच्या कडेला बसलेल्या वयस्कर मंडळींना अर्थ लागत नाही. पण महाराजांनी अभंगाची चाल उचलली, टाळकरी ‘विठ्ठल विठ्ठल’वर आले, की तोच साउंडवाला मिक्सरवरचे इकोचे बटण हलकेच वर नेतो आणि नामाचा शेवटचा अक्षरध्वनी मंडप ओलांडून शेतापर्यंत जातो. भजन संपून महाराज पुन्हा बोलू लागण्याच्या आत बटण खाली आलेले असते. अनाडी माणूस मात्र इको पहिल्या दिवसापासून काल्यापर्यंत एकाच जागी ठेवतो आणि पखवाजाचे बोल एकमेकांत कालवून टाकतो. जाणत्या साउंडवाल्याचा तो हात, नेमक्या क्षणी वर जाणारा आणि नेमक्या क्षणी खाली येणारा, हीच डबची मूळ क्रिया आहे. आपल्याकडे त्या हाताला कोणी कलावंत म्हणत नाही, एवढाच फरक.

डबमधला इको तालाला बांधलेला असतो, ही त्यातली पुढची पायरी. समजा लय मिनिटाला ८० ठोक्यांची आहे; तर एका ठोक्याला ७५० मिलिसेकंद लागतात. इको बरोबर ७५० मिलिसेकंदांवर ठेवला तर प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यावरच पडतो आणि त्याच्या मागे लपतो. तोच पाऊण ठोक्यावर, म्हणजे साधारण ५६२ मिलिसेकंदांवर ठेवला, तर प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधल्या फटीत पडू लागतो आणि एका गिटारच्या जागी दोन गिटारी परस्परांशी सवाल-जवाब करत आहेत असा भास होतो. मग या इकोतून बाहेर पडलेला आवाज पुन्हा इकोच्याच तोंडी दिला की प्रत्येक फेरीत तो थोडा मळतो, थोडा जाड होतो, आणि देणे वाढवत नेले तर स्वतःच्या बळावर फुगत जातो. मंडपात माइक स्पीकरसमोर आला की मशीन ओरडते, तो प्रकार याच जातीचा; फक्त तिथे तो अपघात असतो, आणि इथे ‘इटर्नल फीडबॅक’ या पाचव्या रचनेत त्याला लगाम घालून चालवलेले आहे. या रचनेच्या मूळ ‘स्लाय’ या गाण्यात निकोलेट यांचा काहीसा बालिश, तिरका आवाज आणि भरगच्च तंतुवाद्ये आहेत. डबमध्ये ती तंतुवाद्ये पूर्ण वाक्य बोलतच नाहीत. त्यांची एखादी रेघ उमटते आणि तिचाच धूर बराच वेळ रेंगाळतो.

परभणीत माझ्या परिचयाचे एक साउंडवाले आहेत. लग्ने, सप्ताह, जयंत्या, निवडणुकीच्या सभा असे सगळे काम ते करतात. त्यांच्या गोडाऊनमध्ये मी हा अल्बम दोन मोठ्या बेसपेट्यांवर लावून ऐकला, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा त्यांना तो लवकर कळला. ‘बंपर बॉल डब’ सुरू असताना ते बोलायचे थांबले. मूळच्या ‘कार्माकोमा’तले ट्रिकी आणि डेल नाजा यांचे पुटपुटल्यासारखे बोल इथे जवळजवळ नाहीसे झालेले आहेत आणि त्यांच्या जागी ढोल-बेसचा जड, डुलता चक्राकार प्रवास उरलेला आहे. त्यांची बोटे टेबलाच्या कडेवर, जणू तिथे फेडर असावेत तशी, वरखाली होऊ लागली. बेस एकदम गेला तेव्हा त्यांची बोटे आधीच खाली आलेली होती. “सर, ह्यो माणूस गाणं नाही वाजवत,” ते म्हणाले, “ह्यो मिक्सर वाजवायलाय.” मी त्यांना विचारले की तुम्ही कार्यक्रमात असे कधी करता का. “करताव की. पण लोकायला कळू देत नाही. कळलं तर म्हणतेत मशीन बिघडली.”

त्या गोडाऊनमुळे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला त्या पट्टीतले जवळजवळ काहीच पेलत नाही. या अल्बममध्ये मुख्य व्यक्तिरेखा बेसची आहे. म्हणून मोबाइल उशाशी ठेवून हा अल्बम ऐकणारा माणूस नायकाविना नाटक पाहतो, आणि त्याला ते कंटाळवाणे वाटले तर तो त्याचा दोष नाही. मोठ्या पेट्या सर्वांच्या वाट्याला येत नाहीत हे उघड आहे. पण कान पूर्ण झाकणारा साधा, तारेचा हेडफोन पुरेसा आहे. मात्र फोनमधले ‘बेस बूस्ट’ बंद ठेवावे. मॅड प्रोफेसर यांनी बेसचे माप अगदी विचारपूर्वक ठरवलेले आहे, आणि त्यावर आपला हात चालवला की बेस सुजतो आणि ढोल त्यात बुडतो. वरातीतल्या डीजेच्या दणक्याला सरावलेल्या कानांना हा बेस सुरुवातीला कमी वाटेल, याची कल्पना असू द्यावी. वरातीतला बेस छातीवर आदळतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात घणघणत राहतो, कित्येक घरांच्या काचा आणि कित्येक आजारी माणसे त्याने हादरलेली आहेत. हा बेस तसा अंगावर येत नाही. तो जमिनीसारखा पायाखाली राहतो.

माझ्या मते संपूर्ण अल्बमचा कळस ‘कूल मान्सून’ ही चौथी रचना आहे. ‘वेदर स्टॉर्म’ या मूळ रचनेत गायन नाहीच. क्रेग आर्मस्ट्राँग यांचा पियानो आहे आणि त्याखाली संथ ठोका आहे. वगळायला शब्दच नसल्यामुळे मॅड प्रोफेसर यांना इथे निराळा विचार करावा लागला, आणि त्यांनी तो पियानोच्या अंतराबाबत केला. मूळ रचनेत पियानो आपल्या समोर बसलेला आहे. इथे तो कधी जवळ येतो, कधी कित्येक खोल्या ओलांडून पलीकडे ऐकू येतो, आणि एकाच ओळीतला पहिला स्वर जवळचा तर शेवटचा दूरचा असेही होते. अॅम्बियंट संगीताकडून आपण जी अपेक्षा करतो, म्हणजे सुरांनी जागा उभी करावी, ती इथे सात मिनिटांत पूर्णपणे फलद्रूप झालेली आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहणाऱ्या, मृगानंतर आभाळ नुसतेच भरून येते आणि वारा ढग पुढे ढकलत नेतो हे दर वर्षी पाहणाऱ्या माणसाला या रचनेतला तो रेंगाळलेला, न कोसळणारा ताण वेगळा शिकवावा लागत नाही. मी ही रचना जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, वीज गेलेली असताना हेडफोनवर ऐकतो आणि इतरांनीही तशी ऐकावी असे मला मनापासून वाटते.

‘आय स्पाय’विषयीही लिहायलाच हवे. या गाण्याचे गायक होरेस अँडी हे किंग्स्टनचे. १९५१ चा त्यांचा जन्म, ‘स्टुडिओ वन’ या जमैकाच्या ध्वनिमुद्रण संस्थेतली त्यांची सुरुवातीची कारकीर्द, आणि थरथरता, उंच पट्टीतला, एकदा ऐकला की कधीही ओळखू येणारा त्यांचा आवाज. ‘स्पाइंग ग्लास’ हे याचे मूळ गाणे त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्या रेगे अल्बमसाठी गायले होते. मॅसिव्ह अटॅकने ते त्यांच्याकडूनच पुन्हा गाऊन घेतले. आणि मग मॅड प्रोफेसर यांच्या हाती ते तिसऱ्यांदा घडले. जमैकातून निघालेली चाल ब्रिस्टलच्या हिप-हॉपमधून फिरून पुन्हा डबच्या घरी परतते, आणि हा प्रवास ऐकताना कळतो. होरेस अँडी यांच्या आवाजातला कंप इकोत गेला की दोन कंप एकमेकांवर चढतात, आणि त्या ठिकाणी मॅड प्रोफेसर बाकीची वाद्ये जवळजवळ पूर्ण बंद ठेवतात. इतका संयम मोठ्या कारागिराकडेच असतो.

सगळ्याच रचना या उंचीच्या नाहीत. ‘ट्रिनिटी डब’ चार मिनिटांच्या आतच आटोपते. तिची मांडणी नुकती उलगडू लागलेली असते तेवढ्यात ती संपते, आणि सबंध अल्बममध्ये एवढी एकच घाई मला खटकते. ‘मूव्हिंग डब’मध्ये याच्या उलट झाले आहे. तिथे सहा मिनिटे आहेत, पण नव्या गोष्टी तीन मिनिटांपुरत्याच. मूळच्या ‘बेटर थिंग्ज’मधला ट्रेसी थॉर्न यांचा दुखरा, समजूतदार स्वर इतका विरळ केला आहे की त्या गाण्यातला माणूसच निघून जातो, आणि उरलेल्या बेसच्या ओळीत एकट्याने वजन पेलण्याची ताकद नाही. वगळणे ही कला आहे असे मानले, की काय वगळले याचा हिशेबही मागावा लागतो, आणि या एका ठिकाणी तो जुळत नाही असे मला वाटते. याशिवाय काही जागी किणकिणणारे, शिट्टीसारखे इलेक्ट्रॉनिक आवाज येतात. ही मॅड प्रोफेसर यांची जुनी खूण आहे, त्यांच्या चाहत्यांना ती प्रिय आहे, परंतु शांतपणे ऐकत असलेल्या माणसाला ती मधूनच टोचते.

शेवटची ‘बॅकवर्ड सकिंग’ ही मूळची ‘हीट मायझर’. त्यातला जड श्वासोच्छ्वासाचा आवाज आणि पियानो ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ती रचना मुळातच काहीशी घुसमटलेली आहे हे माहीत असेल. इथे ती घुसमट सुटत नाही, उलट पसरते. घरातल्या लहान मुलांसमोर किंवा झोपण्यापूर्वी ही रचना लावू नये असे मी सुचवीन. अल्बम शांत आहे अशी समजूत करून घेतलेल्या माणसाची ती चांगलीच फजिती करते.

ऐकण्याच्या क्रमाविषयी माझे मत प्रचलित सल्ल्याहून वेगळे आहे. आधी ‘प्रोटेक्शन’ संपूर्ण ऐका आणि मग याकडे वळा, असे सांगितले जाते. तसे केल्यास मूळ गाणी मनात इतकी घट्ट बसतात की डब ऐकताना आपण केवळ काय गेले याचीच यादी करत राहतो. त्यापेक्षा ‘नो प्रोटेक्शन’ आधी दोन-तीनदा स्वतंत्रपणे ऐकावा, पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ काढून, मध्ये न थांबता. आणि नंतर मूळ गाण्यांकडे जावे. तेव्हा ट्रेसी थॉर्न यांचे पूर्ण वाक्य पहिल्यांदा कानावर पडताना जो आनंद होतो, तो उलट क्रमाने जाणाऱ्याला मिळत नाही.

मूळ अल्बममधले ‘युरोचाइल्ड’ या आठांत नाही याची मला खंत आहे, कारण त्यातला बेस आणि तुटक ठोका डबसाठी अगदी अनुकूल होता. दहावे गाणे, जे दुसऱ्यांच्या प्रसिद्ध गाण्याचे रूप होते, ते गाळले हे योग्यच झाले. ज्यांना इथून पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी मॅसिव्ह अटॅकच्या १९९८ च्या ‘मेझानीन’ अल्बममधल्या गाण्यांवर मॅड प्रोफेसर यांनी केलेली डब रूपे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली आहेत. ती अधिक काळोखी आहेत आणि त्यांत गिटारची धार जास्त आहे. परंतु ‘कूल मान्सून’मध्ये अंतराचा जो खेळ आहे तो त्यांत मला आढळला नाही, म्हणून सुरुवात १९९५ च्या या आठ रचनांपासूनच करावी.